घातक कचऱ्याचा परवाना: जागा आधी ठरते, लोक नंतर येतात

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत पडतो, वापरलेल्या सुया पांढऱ्या डब्यात जातात. लीलावतीत, होली फॅमिलीत आणि हिल रोडपासून खारपर्यंतच्या दवाखान्यांतही हाच शिरस्ता. या पिशव्या गाडीत चढल्या की वर्षानुवर्षे उपनगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोवंडीत उतरत आल्या. देवनारच्या कचराभूमीजवळ २००९ साली मुंबईच्या जैववैद्यकीय कचऱ्यासाठी सामायिक प्रकल्प सुरू झाला आणि त्याची भट्टी वस्तीच्या शेजारी धगधगू लागली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या मानव विकास अहवालात गोवंडी-देवनारच्या एम-पूर्व विभागातले मृत्यूचे सरासरी वय अवघे ३९ वर्षे नोंदले होते. ही नोंद प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळातली, त्यामुळे तिचा दोष भट्टीवर टाकता येत नाही. मात्र शहरातल्या सगळ्यांत दुबळ्या फुप्फुसांच्या शेजारी आणखी एक धुराडे उभे करायला कुणाची हरकत आली नाही, एवढे त्यातून कळते.

हरकत यायला जागाच नव्हती. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत जैववैद्यकीय कचऱ्याच्या सामायिक प्रकल्पांचा वेगळा उल्लेख नव्हता. १७ एप्रिल २०१५ च्या दुरुस्तीने त्यांना पूर्वपरवानगी सक्तीची झाली. तोवर गोवंडीची भट्टी सहा वर्षे जळत होती. पुढे स्थानिक रहिवाशांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्प दोन वर्षांत हलवण्यास सांगितले. नवी जागा पुढे आली ती रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, पाताळगंगा औद्योगिक परिसरातल्या जांभिवलीची. गोवंडीकरांना मोकळा श्वास मिळावा हे न्याय्यच आहे. पण मुंबईचा कचरा घेणाऱ्या गावाचे नाव बदलताना त्या गावाला कधी आणि काय विचारले जाते, हा प्रश्न मागे उरतो, आणि तो फक्त रुग्णालयांच्या कचऱ्यापुरता नाही.

कायद्याच्या भाषेत रुग्णालयांचा कचरा आणि कारखान्यांचा घातक कचरा ही दोन वेगळी खाती आहेत, नियमही वेगळे. कारखान्यांच्या खात्यात रंगांचा गाळ, औषधनिर्मितीतला ऊर्ध्वपातनाचा अवशेष, वापरलेले तेल, विद्युतविलेपनाचा जड धातूंनी भरलेला चिखल, मुदत संपलेली कीटकनाशके असे सगळे येते. हा कचरा जिथे तपासला, स्थिर केला, जाळला आणि पुरला जातो त्या ठिकाणाला उद्योगाच्या वर्तुळात सरळ ‘टीएसडीएफ’ म्हणतात. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी ही त्यांची परिचित नावे. चारही ठिकाणे एमआयडीसीच्या हद्दीत आहेत, आणि पुढे दिसेल की परवान्याच्या वाटेवर याच गोष्टीने बराच फरक पडतो.

या नियमांचा उगम भोपाळमध्ये आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि त्या कायद्याखाली २८ जुलै १९८९ ला घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. त्या मूळ नियमांत एक चांगली गोष्ट होती. विल्हेवाटीच्या जागा शोधण्याचे काम राज्य सरकारचे, जागा निश्चित करण्याआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासायचा तोही सरकारने, आणि अशा जागांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करायची, असे त्यात लिहिले होते. ते बहुतांशी कागदावर राहिले. कारखाने आपला गाळ आवारात साठवत राहिले किंवा रात्री नाल्यात सोडत राहिले.

१९९५ साली एका संशोधन संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा हे झाकण उघडले. न्यायालयाने १९९७ मध्ये प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. समितीच्या कामातून पुढे आलेल्या प्रकरणांपैकी एक मुंबईच्या दाराशीच होते. न्हावा शेवा बंदरात वंगणतेलाच्या नावाखाली आयात झालेले टाकाऊ तेल कंटेनरांत पडून होते. २००५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने १३३ कंटेनरांतले हे तेल आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करायला लावले. घाण करील त्याने निस्तरावी, हे तत्त्व भारतात इतक्या ठोस रकमेनिशी लागू झालेल्या सुरुवातीच्या प्रकरणांपैकी हे एक. त्याआधी, १४ ऑक्टोबर २००३ च्या सविस्तर आदेशाने राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना अंमलबजावणीचे वेळापत्रक मिळाले होते. तळोजा आणि महापेची केंद्रे याच काळात उभी राहिली.

आजचे नियम ४ एप्रिल २०१६ चे. त्यांच्या सोळाव्या नियमात जागा शोधण्याची जबाबदारी राज्य सरकार, कारखानदार, प्रकल्पचालक किंवा कारखानदारांचा संघ यांच्यावर ‘एकेकट्याने किंवा मिळून’ टाकली आहे. वाचायला हे सर्वसमावेशक वाटते. प्रत्यक्षात मात्र पुढाकार त्याच्याकडे जातो ज्याला प्रकल्प चालवून पैसे मिळवायचे आहेत. १९८९ मध्ये सरकार जिल्हाभर पाहून जागांची तुलना करील अशी कल्पना होती. आता कंपनीला एमआयडीसीने जो भूखंड दिला, त्याच भूखंडाचा अभ्यास होतो. परवान्याच्या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत मोठा निर्णय, म्हणजे इथे की तिथे, अर्ज दाखल होण्याच्या आधीच झालेला असतो.

जागेचे निकष वाईट नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शिकांनुसार तळ्यापासून २०० मीटर, नौकानयनाच्या नदीपासून १०० मीटर, महामार्गापासून २०० मीटर, वस्तीपासून आणि सार्वजनिक उद्यानापासून ५०० मीटर अंतर हवे. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, सागरी नियमन क्षेत्रात, पाणथळीत भरावभूमी नको. भूजलाची पातळी भरावाच्या तळापासून किमान दोन मीटर खाली हवी. तळाला १.५ मिलिमीटर जाडीचे एचडीपीई आवरण, त्याखाली दाबून बसवलेली चिकणमाती, तिच्यातून पाणी झिरपण्याचा वेग इतका कमी की वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात ११०० अंश सेल्सियस आणि वायूला तिथे किमान दोन सेकंद थांबायला लावायचे. धुराड्याची उंची किमान ३० मीटर. डायॉक्सिन आणि फ्युरानची मर्यादा दर घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम.

यात अडचण आकड्यांची नाही. ५०० मीटरची ओळ आखली त्या दिवशी वस्ती पलीकडे असते, दहा वर्षांत ती अलीकडे येते. पनवेल, तळोजा, कळंबोलीचा पट्टा ज्यांनी २००० साली पाहिला आणि आज पाहतात, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. सिडकोच्या आणि खासगी बिल्डरांच्या इमारती औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापर्यंत पोचल्या आहेत. परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे प्रकल्पाभोवतीचा मोकळा पट्टा मोकळाच ठेवण्याचा अधिकार नाही. तो नगररचनेकडे आहे, आणि या दोन कचेऱ्यांचे नकाशे एका टेबलावर क्वचितच येतात.

आता पर्यावरण मंजुरीकडे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत घातक कचऱ्याचे सामायिक प्रकल्प ७(ड) या क्रमांकाखाली येतात. भट्टी असलेला प्रत्येक प्रकल्प ‘अ’ वर्गात, म्हणजे निर्णय दिल्लीत, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीपुढे. फक्त भरावभूमी असेल तर ‘ब’ वर्ग, म्हणजे निर्णय राज्याच्या प्राधिकरणाकडे. अभ्यासाची कार्यकक्षा ठरते, सल्लागार कंपनी मसुदा अहवाल करते, जनसुनावणी होते, अंतिम अहवाल समितीपुढे जातो. समितीला ६० दिवस आणि तिच्या शिफारशीनंतर मंत्रालयाला ४५, असे १०५ दिवसांचे गणित अधिसूचनेत आहे.

सल्लागाराला पैसे कोण देतो? प्रकल्पचालक. ही गाठ सुटल्याशिवाय अहवालावर लोकांचा विश्वास बसणे अवघड आहे, आणि त्याला महाराष्ट्रातच पुरावा आहे. २००७ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्रस्तावित बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचे उतारेच्या उतारे उचललेले सापडले होते. कोकणातल्या झाडापेडांच्या जागी रशियातले निसर्गवर्णन, आणि त्यावर मंजुरीची प्रक्रिया पुढे सरकलेली. त्यानंतर सल्लागारांना मान्यतेची अट आली, नोंदणी आली. पैसे देणारा मात्र तोच राहिला.

अहवालातली दुसरी उणीव कमी बोलली जाते आणि कोकणासाठी ती जास्त गंभीर आहे. हवा, पाणी, माती यांची मूळ स्थिती एका ऋतूत मोजायची असते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. राजस्थानात याने फारसे बिघडणार नाही. पण तळोज्याला, खालापूरला, महाडला घातक कचऱ्याच्या भरावाचा खरा शत्रू पाऊस आहे. भरावात पाणी शिरले की विषारी निचरा तयार होतो. तो गोळा करून शुद्ध करण्याची क्षमता ओलांडली गेली की तो नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी कुर्ल्यापासून वांद्र्यापर्यंत मिठीकाठच्या पिंपांच्या, भंगाराच्या आणि रसायनांच्या दुकानांतले जे होते ते घराघरांत शिरले. नदी कुठवर चढते, भूजल किती वर येते, वारा कोणत्या वस्तीकडे वाहतो हे कोकणात जुलैमध्येच कळते. मार्च ते मेच्या मोजमापावर जुलैचा धोका तोलणे ही या प्रक्रियेतली शास्त्रीय चूक आहे, आणि ती दुरुस्त करायला नवा कायदा लागत नाही. कार्यकक्षा ठरवणाऱ्या समितीने पावसाळ्याचे मोजमाप मागितले की झाले.

जनसुनावणी हा या वाटेवरचा एकमेव टप्पा जिथे सामान्य माणूस माइकसमोर उभा राहू शकतो. ती १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने सक्तीची झाली. ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत पाहायला ठेवलेला. सुनावणी घ्यायची राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जापेक्षा कमी नसलेला प्रतिनिधी. साऱ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे आणि त्यावर सही करायची. मुंबई उपनगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीतल्या प्रशासकीय इमारतीत बसणारे जिल्हाधिकारी हे ते अधिकारी. बोरिवलीपासून मुलुंड-गोवंडीपर्यंत कुठेही असा प्रकल्प आला तर अहवाल त्यांच्या कचेरीत वाचायला मिळायला हवा.

सारांश मराठीत आणि शेकडो पानांचा अहवाल इंग्रजीत, ही व्यवस्था लोकांना अर्धेच सांगते. भट्टीत तापमान उतरले तर काय होते, निचऱ्याची टाकी किती दिवसांचा पाऊस पेलते, अपघाताची योजना कुणाच्या भरवशावर आहे, हे सारांशात नसते. १६ मे २०१० ला जैतापूरच्या अणुप्रकल्पाची सुनावणी माडबनला झाली तेव्हाही अहवालाचा मराठी मजकूर वेळेवर मिळाला नाही ही गावकऱ्यांची मुख्य तक्रार होती. २०२० मध्ये केंद्राने अधिसूचनेचा नवा मसुदा काढला, त्यात नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. तो मसुदाही आधी इंग्रजी-हिंदीतच होता. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्यायला सांगितला, आणि केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांना परिणाम भोगायचे आहेत त्यांना समजेल अशा भाषेत कागद देणे हे शिष्टाचाराचे काम मानले जाते, तोवर सुनावणी दुबळीच राहणार.

आणि तरीही ती व्हावी लागते. इथे एमआयडीसीचा मुद्दा येतो. अधिसूचनेच्या सातव्या परिच्छेदात काही प्रकल्पांना जनसल्लामसलतीतून सूट आहे. त्यांत मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींमधले प्रकल्प येतात. कल्पना अशी की वसाहतीचाच अभ्यास आणि सुनावणी एकदा झालेली असते, मग आतल्या प्रत्येक कारखान्यासाठी ती पुन्हा कशाला. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या वसाहती २००६ च्या कितीतरी आधीच्या, अशी कुठलीही सुनावणी न झालेल्या. मंत्रालयाने नंतरच्या कार्यालयीन आदेशांतून १४ सप्टेंबर २००६ पूर्वी अधिसूचित झालेल्या वसाहतींनाही सुटीच्या छत्राखाली घेतले. म्हणजे वसाहतीची सुनावणी कधीच झाली नाही आणि प्रकल्पाचीही होऊ नये, असा निष्कर्ष निघू शकतो. कापडाच्या छपाईचा कारखाना आणि शेकडो कारखान्यांचे विष एकत्र आणून जाळणारी भट्टी यांना एकच सूट लावणे कोणत्याही तर्काने पटत नाही. टीएसडीएफला या सुटीतून सरळ वगळावे, ही मागणी पर्यावरणवाद्यांची म्हणून बाजूला सारण्याजोगी नाही. ती उद्योगांच्याही हिताची आहे.

त्याचे कारण नागपूरने दाखवले. २०११ मध्ये भोपाळच्या कारखान्यातला सुमारे ३४६ टन कचरा नागपूरजवळ, बुटीबोरी परिसरातल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळायचा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने दिला. नागपूर पेटले. पर्यावरण संघटना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्या, राज्य सरकारने विरोध केला, कचरा आलाच नाही. त्याआधी गुजरातमध्ये अंकलेश्वरचा पर्यायही असाच मागे पडला होता. शेवटी १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरांतून ३३७ टन कचरा भोपाळहून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पिथमपूरला निघाला. पिथमपूरला लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. चाचण्यांनंतर जूनअखेर तो जाळून संपला, आणि उरलेली राख कुठे पुरायची हा वाद पुन्हा न्यायालयात. अपघातापासून कचरा जळेपर्यंत चाळीस वर्षे गेली. यातला तांत्रिक भाग काही महिन्यांचा होता. बाकीचा सगळा काळ अविश्वासाने खाल्ला, कारण कोणत्याच गावाला आधी विचारून, कागद दाखवून, मोजमापाची हमी देऊन हा कचरा नेण्याचा प्रयत्न झाला नव्हता.

प्रकल्प नकोच, असेही म्हणता येत नाही. अधिकृत केंद्र दूर किंवा महाग असले की घातक कचरा टँकरमध्ये भरून रात्री ओढ्यात सोडण्याचा धंदा चालतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत असेच रसायन ओतले गेले आणि काठावरच्या वस्त्यांतले शेकडो लोक मळमळ आणि घुसमट होऊन रुग्णालयात गेले. ६ जानेवारी २०२२ ला पहाटे सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरने नाल्यात रसायन सोडताना वायू तयार झाला आणि सहा कामगार मेले. त्या कचऱ्याचा माग तळोज्यातल्या कारखान्यापर्यंत आला. तळोज्यात सामायिक केंद्र आहे, आणि तरी तिथला कचरा गुजरातच्या नाल्यात पोचला. परवान्याचा कागद जितका कडक, तितकीच रस्त्यावरच्या टँकरवर नजर हवी, हे त्या सहा मृत्यूंनी सांगितले.

नजर ठेवण्याची सोय नियमांत आहे. पर्यावरण मंजुरीनंतर १९७४ च्या जल कायद्याच्या २५ व्या आणि १९८१ च्या हवा कायद्याच्या २१ व्या कलमाखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्थापनेचे संमतीपत्र लागते, मग प्रकल्प चालवण्याचे. त्याशिवाय २०१६ च्या नियमांखाली अर्ज नमुना १ मध्ये, प्राधिकारपत्र नमुना २ मध्ये. मंडळाने ते १२० दिवसांत द्यायचे, मुदत पाच वर्षे. प्रत्येक खेपेबरोबर सात प्रतींचे मॅनिफेस्ट. पांढरी प्रत पाठवणारा कारखाना मंडळाला देतो, पिवळी स्वतःकडे ठेवतो, गुलाबी केंद्राकडे राहते, केशरी वाहतूकदाराला मिळते, हिरवी केंद्र मंडळाला पाठवते, निळी कारखान्याला परत येते, आणि कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल तर करडी प्रत त्या राज्याच्या मंडळाला. हिरवी आणि पांढरी प्रत जुळली नाही तर मधे काहीतरी गळाले हे त्याच आठवड्यात कळायला हवे. सायनच्या कल्पतरू पॉइंटमधल्या मंडळाच्या मुख्यालयात ही जुळवणी रोज झाली, तर टँकरमाफियाचा अर्धा धंदा बसेल.

सर्वांत कमी लक्ष जाते ते शेवटाकडे. भरावभूमी भरली की तिच्यावर आवरण घालून ३० वर्षे निचरा, भूजल आणि वायू तपासत राहायचे असते. २०१६ च्या नियमांत ही जबाबदारी प्रकल्पचालकाची आहे. ज्या कंपन्यांची मालकी दहा वर्षांत दोनदा बदलते त्यांच्याकडून तीन दशकांची राखण अपेक्षिताना पैसा आधी वेगळा काढून ठेवला आहे का, तो कुणाच्या ताब्यात आहे, हे परवान्याच्या वेळी जाहीर व्हायला हवे. सुनावणीत हा प्रश्न विचारणारा गावकरी सर्वांत दूरचा विचार करणारा असतो.

बाहेर हेच धडे आधी शिकले गेले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉलच्या वस्तीखाली रासायनिक कचरा पुरलेला १९७८ मध्ये उघड झाला आणि लोकांना घरे सोडावी लागली. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या वॉरेन काउंटीत, बहुसंख्य काळ्या आणि गरीब लोकांच्या भागात, पीसीबी या रसायनाने दूषित माती पुरायला घेतली तेव्हा पाचशेहून अधिक जणांनी अटक करवून घेतली. भरावभूमी झालीच, पण त्यानंतर अशा जागा कुणाच्या शेजारी जातात याचा सरकारी अभ्यास सुरू झाला. १९७६ च्या कायद्याखाली तिथे घातक कचऱ्याच्या केंद्राला जास्तीत जास्त दहा वर्षांचा परवाना मिळतो, आणि १९९५ च्या नियमाने कंपनीला अर्ज करण्याच्या आधीच लोकांची बैठक घ्यावी लागते. आधी बैठक, मग अर्ज. आपल्याकडे नेमका हाच क्रम उलटा आहे.

प्रकल्प उभा राहून गेल्यावर मंजुरी देण्याचा प्रश्नही ताजा आहे. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने पश्चात पर्यावरण मंजुरी बेकायदा ठरवली. १८ नोव्हेंबर २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला, न्या. उज्जल भुयान यांनी वेगळे मत नोंदवले. घातक कचऱ्यापुरते तरी भुयानांचे मत योग्य वाटते. भट्टी पेटल्यानंतर आघाताचे मूल्यांकन करण्यात अर्थ नसतो. गोवंडीत ते दिसले.

या आढाव्यातून निघणाऱ्या मागण्या थोड्या आणि सरळ आहेत. राज्य सरकारने १९८९ च्या मूळ कल्पनेकडे परत जाऊन विभागवार पर्यायी जागांची यादी जाहीर करावी आणि सुनावणी जागा निवडताना घ्यावी. टीएसडीएफला एमआयडीसीची सूट नको. कोकणातल्या प्रत्येक प्रस्तावासाठी पावसाळ्याचे मोजमाप सक्तीचे करावे. पूर्ण अहवाल मराठीत द्यावा. आणि बंद झाल्यानंतरच्या ३० वर्षांचा पैसा परवान्याआधी बँकेत पडावा.

वांद्र्याच्या वाचकाला यात करण्याजोगे काही आहे. कचरा आपला असल्याने आपलाही या प्रश्नाशी संबंध आहे, आणि अधिसूचनेनुसार असा संबंध असलेल्या व्यक्तीला लेखी हरकत किंवा सूचना पाठवता येते. त्यासाठी गोवंडीत किंवा खालापुरात राहावे लागत नाही. नोटीस मराठी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, ती वाचावी. मंजुरीच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येते, पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. आणि मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. आपल्या रुग्णालयाचा, सोसायटीजवळच्या गॅरेजचा, अंधेरीतल्या आपल्या कारखान्याचा कचरा कुठे जातो हे आधी विचारावे, आणि त्या केंद्राचा डिसेंबरचा अहवाल मागवून वाचावा.